गणपतरावांचं जेवण बाळासो जेवला

गणपतरावांना मत्सर वाटतो असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. त्यांच्या मते तो मत्सर नाही, कलेची कळकळ आहे. आमच्या हौशी नाटक मंडळात दुसऱ्या कुणाला टाळी पडली की ही कळकळ त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर लाल होऊन बसते. मी प्रॉम्प्टर. विंगेत उभा असतो, त्यामुळे मला ती अगदी जवळून दिसते.

दिवसा ते कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतात आणि संध्याकाळी नट असतात. ऐतिहासिक नाटकात सरदार, सामाजिक नाटकात सासरा. आयुष्यात हाव एकच. एकदा पडद्यावर दिसावं, आणि रस्त्यात कुणी अनोळखी माणसानं थांबवून म्हणावं, "तुमीच न्हवं त्ये?"

मग एका सिनेमाचं शूटिंग कोल्हापुरात आलं. एका श्रीमंताच्या बंगल्यावर जेवणावळ, ताटात विष, एकेक पाहुणा मरतोय आणि बाकीचे जेवतायत, अशी गोष्ट. ही म्हणे विनोदी. सिनेमावाल्यांना एक स्थानिक पाहुणा हवा होता, शेजारचा मेला तरी ताटावरून न उठणारा. गणपतरावांनी सरदाराचा कोट काढला. तो पोटावर बसेना म्हणून आमच्या मंडळाचे कपडे शिवणारा बाळासो शिंपी सुई-दोरा घेऊन बरोबर गेला. मीही गेलो.

दिग्दर्शक म्हणाला, "समोर ताट आहे असं समजा आणि जेवून दाखवा."

गणपतराव जेवले. काय जेवले! भुवया उडवल्या, घास शेवटच्या रांगेला दिसेल इतका वर उचलला, मध्येच एक सुस्कारा टाकला. दिग्दर्शकानं मान डोलावली आणि कोपऱ्यात सुई ओवत बसलेल्या बाळासोला म्हणाला, "तुम्हीपण करून बघा ना."

काम बाळासोला मिळालं.

त्या दिवसापासून गणपतरावांचा जळफळाट सुरू झाला. बाळासोनं शिवलेला सदरा त्यांनी घालायचा सोडला. त्याच्या दुकानावरून जायला नको म्हणून ते लांबच्या गल्लीनं फिरून जायचे. "शिंप्यानं माप घ्यावं, पात्र घेऊ नये," हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मला ते प्रॉम्प्ट करता आलं असतं. सिनेमा पडावा एवढंच त्यांना हवं होतं, आणि हे त्यांनी माझ्याजवळ उघड बोलून दाखवलं.

सिनेमा लागला त्या पहिल्याच दिवशी आम्ही गेलो. गणपतराव, त्यांची बायको शालूवहिनी आणि मी. सिनेमा खरोखरच रटाळ निघाला. माणूस मरायला लागला की मरतच राहायचा. पाहुणे एकमेकांना इतकं शहाण्यासारखं बोलत होते की हसायचं कुठं हेच कळेना. लोक मोबाईल काढून बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मरा की लवकर!" गणपतराव खुर्चीत सैल झाले. इतका सुखी माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात बाळासो ताटावर बसला. त्यानं भाकरी कुस्करली आणि तांबड्या रश्श्यात बुडवली. घसरलेला चष्मा मनगटाच्या मागच्या बाजूनं वर ढकलला. मग पांढऱ्या रश्श्याची वाटी दोन्ही हातांनी उचलून डोळे मिटून तोंडाला लावली आणि संपल्यावर बैलासारखी मान हलवली. शेजारचा पाहुणा त्याच्या खांद्यावर कोसळला. बाळासोनं त्याला खांद्यानंच हळूच पलीकडं सारलं आणि वाटी पुढं केली, "वाढा की."

थेटर हसून लोळलं. सगळ्यांत जोरात हसल्या त्या शालूवहिनी. "आवो, ह्ये तर तुमीच!"

"मी असा जेवतो व्हय?"

"असंच की. वाटीसकट."

वहिनींचं खरं होतं. दर महिन्याला पंचगंगेच्या काठावर आमचं रस्सा मंडळ बसतं. चूल पेटते, मटण शिजतं, पंगत बसते. त्या पंगतीत वर्षानुवर्षं बाळासो गणपतरावांच्या समोर बसत आला होता. अंधारातसुद्धा गणपतरावांचं नाक मला दिसलं.

बाहेर बाळासो उभाच होता. त्यानं वाकून गणपतरावांच्या पायांना हात लावला. "मला कुठं ॲक्टिंग येतंय? तुमास्नी आठवलं आन् जेवलो. सगळं तुमचंच हाय."

त्यानं थोडी तरी मिजास केली असती तर गणपतरावांना बरं वाटलं असतं. एवढी वर्षं ते दुसऱ्यांची सोंगं घेत आले होते, आणि टाळ्या मात्र त्यांनी कधी स्टेजवर आणलंच नाही त्या खऱ्या गणपतरावांना पडल्या. त्याही बाळासोच्या नावावर. ते नुसतं "बरा झालाय पिच्चर" म्हणाले आणि चालू लागले.

सिनेमा आठवडाभरात उतरला. बाळासोचा तेवढा तुकडा मात्र मोबाईलवर घरोघर फिरला.

दोन-तीन महिने गणपतराव रस्सा मंडळाला आले नाहीत. शेवटी मीच त्यांना ओढून एका खानावळीत नेलं. भूक लागली होती, रस्सा वाफाळत होता. गडी सगळं विसरला. भाकरी कुस्करली, चष्मा मनगटानं वर ढकलला, वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावली आणि मान हलवली.

शेजारच्या टेबलावरचा जयसिंगपूरकडचा कुणी व्यापारी जेवायचा थांबून टक लावून बघत होता. "पावणं," तो म्हणाला, "त्या पिच्चरमधलं तुमीच न्हवं?"

गणपतरावांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हे हो म्हणणार.

तेवढ्यात त्यानं नीट निरखून पाहिलं. "न्हाय न्हाय, त्यो येगळा. पण नक्कल झ्याक करताय. चष्मा जमलाय, मान बी जमलीय." मग आपल्या ताटाकडं वळत त्यानं पुढं सांगितलं, "फकस्त वाटी न्हाय जमली. वाटी त्येचीच."

गणपतरावांनी वाटी खाली ठेवली आणि वाढप्याला हाक मारून चमचा मागितला.