कानसेनचं ‘हं’

गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. एक शटर, एक लाकडी बाकडं, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले पाने आणि गाड्यांच्या वायरींची भेंडोळी. त्याचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? सगळे त्याला कानसेन म्हणायचे. गाडी दुकानासमोर थांबायच्या आत, हातातलं काम न सोडता तो सांगायचा, “पट्टा सैल आहे,” नाहीतर “बेअरिंग गेलं.” बॉनेट उघडलं की तसंच निघायचं. काही गिऱ्हाईकं तर गाडी नुसती दारावरून हळूच न्यायची, खिडकीतून “काय म्हणताय, कानसेन?” असं विचारायची आणि त्याने मान हलवली की निश्चिंत होऊन पुढे जायची.

आणि नेमके त्याचेच कान गेले. एकदम गेले असते तर बोंब तरी मारता आली असती. ते पाय न वाजवता, एकेक आवाज उचलत गेले. आधी किल्ल्यांची किणकिण गेली, मग किटलीची शिट्टी गेली, मग बायकोचा आवाज. तिचा आवाज मुळातच मऊ. लग्न नवं होतं तेव्हा त्याला वाटायचं, ही बाई आयुष्यभर आपल्या कानातच बोलणार. जेवताना ती दिवसभराचं सगळं सांगायची, एका गोष्टीतून दुसरीत शिरायची आणि पहिली कुठे राहिली ते तिलाही आठवायचं नाही. आता तिचे ओठ तेवढे हलताना दिसायचे, बंद खिडकीच्या काचेपलीकडे हलावेत तसे.

बरं, मग सांगून टाकावं की नाही? पण कानसेनने बहिरं व्हायचं म्हणजे लोकांच्या तोंडी आयता विनोद. त्याने त्यावर एक युक्ती काढली. ‘हं’. हे एक अक्षर भलतंच कामाचं. भाजी संपली, हं. शेजारणीची मुलगी पास झाली, हं. सोबत जरा मान डोलावली की निभावून जायचं. बायकोच्या गोष्टी आखूड होत गेल्या, मग नुसती वाक्यं उरली, मग तीही तुरळक झाली. हे त्याला दिसत होतं आणि आतून खात होतं, पण तो हं म्हणत राहिला.

झोपेत मात्र त्याचे कान शाबूत होते. दुपारी दुरुस्तीला आलेल्या एखाद्या गाडीच्या मागच्या सीटवर तो आडवा व्हायचा. ऊन काचेतून गुडघ्यांवर उतरायचं, सीटच्या जुन्या कापडाला उबट वास यायचा, आणि डोळा लागला रे लागला की जग वाजायला लागायचं. किटली शिट्टी घालायची, कोणाच्या तरी खिशात किल्ल्या खुळखुळायच्या, कुठल्यातरी न पाहिलेल्या घराच्या जिन्यावरून बायको बोलत बोलत खाली यायची. ती काय सांगते आहे ते शब्दन्‌शब्द कळायचं. जाग आली तरी तो डोळे मिटूनच पडून राहायचा, तो आवाज आणखी थोडा पुरवून पुरवून ऐकायला. त्याला झोपच फार येते असं बायकोला वाटायचं.

मग एका संध्याकाळी, भांडी पुसताना, तिने त्याच्याकडे पाठ करून काहीतरी विचारलं. प्रश्न होता हे तिच्या खांद्यांवरून कळलं. तो म्हणाला, हं. तिच्या हातातलं फडकं थांबलं. जरा वेळाने तिने आणखी काहीतरी विचारलं. हं, तो आणखी ठामपणे म्हणाला. दुसऱ्या दिवशी पलंगाखालची बॅग बाहेर आली आणि तिच्यात एकेक करून बायकोचे कपडे जायला लागले. आपण कशाला होकार देऊन बसलो, हे त्याला ठाऊक नव्हतं. विचारावं तर बिंग फुटणार. न विचारावं तर बॅग रोज फुगत चालली होती.

अशा अवस्थेत बेकरीवाल्या बाई तिसऱ्यांदा आल्या. त्यांची गाडी जुनी, मागची सीट काढून तिथे पावाचे ट्रे बसवलेले, त्यामुळे ती आली की गल्लीला भूक लागायची. बाईंचा आवाज पीठ मळायच्या यंत्राशी भांडून तयार झालेला. त्यांचं तेवढं बोलणं त्याला सगळं ऐकू यायचं.

“अहो कानसेन, आवाज आहे तिथेच आहे! आधी पट्टा ताणलात, मग पाण्याचा पंप बदललात. आता माझे पावसुद्धा वैतागलेत.”

त्याने इंजिन सुरू ठेवायला सांगितलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरवर, बॅटरी भरत राहणाऱ्या यंत्रावर, टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. पूर्वी असं केलं की अख्खं इंजिन डोक्यात येऊन बसायचं. आता लांब कुठेतरी माळावर वारा वाहत असावा, एवढंच. त्या वाऱ्यात उभं राहायला बरंही वाटत होतं. त्याने डोळे मिटले, आणि तो माळ आणखी पसरला, त्यावर ऊन आलं. तिकडेच राहून जावं, असं त्याला खरोखर वाटलं.

डोळे उघडले तेव्हा समोर बायको उभी होती. एका हातात त्याचा डबा, दुसऱ्या हातात ती बॅग. तिने डबा बाकड्यावर ठेवला, शेजारी घराची किल्ली ठेवली आणि काहीतरी म्हणाली. त्याच्या घशात हं तयार होऊन बसलेलं होतं.

“ऐकू येतंय का आता?” गाडीतून बाई ओरडल्या.

“नाही,” तो म्हणाला. पण तो बायकोकडे बघत होता. “मला ऐकू येत नाही. गाडीतलं नाही आणि घरातलंही नाही. कधीपासूनच नाही.”

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बॅग खाली ठेवली आणि स्क्रू ड्रायव्हरसाठी हात पुढे केला.

त्याने तिला केस घट्ट बांधायला लावले, पट्ट्यापासून लांब उभं केलं आणि टोक कुठे टेकवायचं ते दाखवलं. तिने मान तिरपी केली. ओठ हलवले, थांबली, आणि त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, “उकळी आली की पातेल्यावरचं झाकण वाजतं ना, तसं वाजतंय.”

“बाई, जरा वेग द्या!”

बाईंनी पाय दाबला. बायकोने हात वर केला. “थांबलं!”

“वेग वाढल्यावर थांबलं? नक्की?”

“नक्की,” ती परत त्याच्या कानाशी वाकली. “आता परत आलं बघा.”

“बेअरिंग असतं तर वेगाबरोबर जास्तच रडलं असतं,” तो स्वतःशीच म्हणाला. “हे वेगात दबून बसतंय. म्हणजे काहीतरी सैल आहे.”

“झाकण,” बायको त्याच्या कानात म्हणाली.

“झाकणच!” त्याला हसू फुटलं. अल्टरनेटरच्या पुलीमागे, म्हणजे पट्ट्याच्या चाकामागे, पत्र्याचा पंखा असतो, बशीएवढा. दोनदा तो पंखा त्याच्या नाकासमोर होता आणि हा पट्टा नि पंप करत बसला होता.

इंजिन बंद केलं, बॅटरीची तार सोडली, पट्टा उतरवला. पुली एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पंखा हलवला तर तो पडायला आलेल्या दातासारखा हलला. नट पाना लावताच सुटला. त्याखालचं स्प्रिंग वॉशर चपटं झालेलं, आणि पंख्याला दांड्यावर जागेवर धरणारी चावी, म्हणजे नखाएवढा अर्धगोल लोखंडी तुकडा, झिजून पातळ झालेली. काढला तो प्रत्येक तुकडा बायकोने जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवला. पंखा उन्हात धरून कुठे तडा आहे का ते दोघांनी पाहिलं. तडा नव्हता. दांड्याची खाचही चांगली होती. नवी चावी खाचेत ठोकून बसवली. मग तिने एकेक वस्तू हातात देत जावी आणि त्याने बसवत जावी: पंखा, पाती आतल्या बाजूला, मग पुली, नवं वॉशर, नट. आवळताना पुली फिरू नये म्हणून तिने जुन्या पट्ट्याचा तिला वेढा दिला आणि पाय रोवून ओढून धरला. तो पाना ओढत होता, ती पट्टा ओढत होती. तिचा श्वास त्याच्या गालाला लागत होता आणि हे स्वप्न नव्हतं.

पट्टा चढवला, अंगठ्याने दाबून ताण पाहिला, तार जोडली. बाईंनी गाडी सुरू केली. त्याला तोच लांबचा वारा. आवाज असतानाही तेवढाच, गेल्यावरही तेवढाच. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने स्क्रू ड्रायव्हर कानामागे लावला, बराच वेळ ऐकलं आणि नाही अशी मान हलवली.

“गेला!” बाई ओरडल्या. “गेला हो कानसेन!”

तो हात पुसत बायकोजवळ आला. “त्या दिवशी भांडी पुसताना काय विचारलं होतंस?”

ती त्याच्या कानाशी आली. “विचारलं होतं, माझं बोलणं तुम्हाला नकोसं झालंय का. तुम्ही म्हणालात, हं.”

“आणि नंतर?” त्याने विचारलं.

“म्हटलं, मग मी बहिणीकडे जाऊन राहिले तर चालेल का. त्यालाही हं.”

बेकरीवाल्या बाईंनी गाडी मागे घ्यायला घेतली होती, ती त्यांनी तिथेच थांबवली.

“परत विचार,” तो म्हणाला.

“काय?”

“दोन्ही. इथे, कानात. मोठ्याने विचार.”

तिने विचारलं. जन्मात कधी ओरडली नव्हती, पण ओरडून विचारलं. तो दोन्ही वेळा नाही म्हणाला. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्यामुळे ते सगळ्या गल्लीने ऐकलं.