कोठारात कोंडलेली अकरा मुलं

मेव्लिदा आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आली ती सत्त्याण्णवचा नाताळ उलटल्यावर. बोस्नियातलं युद्ध संपून दोन वर्षं झाली होती आणि आयोवातल्या आमच्या गावात, मांसाच्या कारखान्यात काम मिळतं म्हणून, तिकडची बरीच कुटुंबं येऊन राहिली होती. मी तेव्हा त्या स्वयंपाकघराची मुख्य. चारशे मुलांचं जेवण आम्ही पाच बायका रांधायचो. मेव्लिदाला आमची भाषा बेताचीच यायची, पण पीठ असं मळायची की यंत्रानं लाजावं. मागच्या दाराकडे पाठ करून मात्र ती कधी उभी राहायची नाही. मी एकदा चिडवलंही, "काय गं, त्या दारातून राजकुमार येणार आहे का तुझा?"

"नाही, लोर्ना," एवढंच म्हणाली. हसली नाही.

त्या ऑक्टोबरअखेर शाळेत हॅलोविनचा सण होता. आदल्या दिवशी मी तिला सांगून ठेवलं होतं की उद्या मुलं सोंगं घेऊन येतील, भुतं, चेटकिणी, काय वाट्टेल ते. मोठी माणसंही सोंग घेतात, हे सांगायचं मला सुचलं नाही. ते आजही मनाला लागून आहे.

सकाळ मजेत गेली. दुपारी पहिलीची मुलं ताटं घेऊन रांगेत उभी होती आणि मेव्लिदा त्यांना वाढत होती. एवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. काळं जाकीट, डोक्यावरून ओढलेला काळा पायमोजा, नाकडोळे चपटे झालेले. "हात वर!" तो ओरडला.

ते सहावीचे हॉगन सर होते. दर वर्षी ते आम्हाला असंच दचकवायचे आणि आम्ही झारा घेऊन त्यांच्या मागे लागायचो. त्या दिवशीही मी झारा उचललाच होता.

मेव्लिदा किंचाळली नाही. तिनं हातातला डाव टाकला, रांगेतल्या पोरांना दंडाला धरून धरून शेजारच्या कोठारात ढकललं आणि दार लावून घेतलं. आतून पिठाची पोती ओढल्याचा आवाज आला. सगळं इतक्या झटपट झालं की मी झारा धरून तशीच उभी.

हॉगन सरांनी पायमोजा ओरबाडून काढला. चेहरा पांढराफटक. ते दारावर थाप मारून म्हणाले, "मेव्लिदा, घाबरू नका! मीच आहे! हॉगन सर!"

आत आणखी एक पोतं सरकलं.

मग मला खरी भीती वाटली. पहिलीची अकरा मुलं आत होती आणि एकाचाही आवाज येत नव्हता. रडणं नाही, खोकला नाही. मी दाराला कान लावला. कुणाचे तरी दात वाजत होते, तेवढंच ऐकू येत होतं.

मुख्याध्यापिका धावत आल्या. "पोलिसांना बोलावते," त्या म्हणाल्या.

"नको हो बाई," मी म्हटलं, "गणवेशातली माणसं बंदुका लावून आली तर ती काय करेल सांगता येत नाही." का म्हटलं ते मलाही ठाऊक नव्हतं. मी हॉगन सरांना तिथून घालवलं आणि मेव्लिदाच्या मुलीला, सेनिताला, हायस्कुलातून आणायला गाडी पाठवली.

पंधरा वर्षांची पोर. येऊन जमिनीवर बसली आणि दाराच्या फटीला तोंड लावून आपल्या भाषेत हळूहळू बोलत राहिली. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. सगळ्यात आधी मेव्लिदा बाहेर आली, दोन्ही हात वर केलेले, मुलांना पाठीशी घालून. ती आमच्याकडे बघत होती, पण आम्ही तिला दिसत नव्हतो.

आया मुलांना न्यायला आल्या, तेव्हा त्या अकरांतली, मधमाशीचं सोंग घेतलेली येसेनिया आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाईंनी तोंडावर बोट ठेवलं आणि दाराला पाठ लावून बसल्या. मला वाटलं, बाहेर सगळ्यांना मारतायत."

संध्याकाळी सेनितानं मला सांगितलं. ब्याण्णव साली त्यांच्या घरात असाच तोंडावर पायमोजा ओढलेला माणूस शिरला. आईनं त्याला आवाजावरून ओळखलं. गावातल्या शाळेचा मास्तर, सेनिताला अक्षरं शिकवणारा. तो म्हणाला होता, "घाबरू नका, मीच आहे." मग तो सेनिताच्या बाबांना घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात पालकांची सभा भरली. "आमच्या लेकरांना कोंडणारी बाई ठेवताच कशाला?" एक बाप उभा राहून म्हणाला. दुसरा म्हणाला, "चार बाहेरच्यांसाठी आम्ही आमचा सण सोडायचा?" येसेनियाच्या आईला शाळेत भुतंखेतंच नको होती, ते त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. खरं सांगते, तोवर मलाही वाटायचं, एका दिवसाची गंमत, त्यात एवढं काय!

मेव्लिदा उठली. डोक्यावरच्या रुमालाचं टोक तिनं बोटांना इतकं घट्ट गुंडाळलं होतं की नखं पांढरी पडली होती.

"मुलांना मी घाबरवलं. माफ करा," ती म्हणाली. "सण करा. मुलं नाचली की मला आवडतं. पण तोंड दिसू द्या. तोंड दिसलं नाही की मी इथे नसते."

हॉगन सर मान खाली घालून रडत होते. ते नंतर तिच्याजवळ गेले. ती एक पाऊल मागे सरली आणि मग लाजून तिथेच थांबली.

ठरलं असं की मुखवटे बंद, रंग लावा, टोप्या घाला. ज्यांना नको त्यांच्या मुलांसाठी वाचनालयात चित्रं आणि गोष्टी. निम्म्या लोकांना पटलं नाही. दोघांनी मुलं दुसऱ्या शाळेत घातली.

पुढच्या हॅलोविनला मी म्हटलं, "रजा घे गं."

"घरी जास्त भीती वाटते," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं पावाचा एक अख्खा ट्रे करपवला. वाढताना वाटाणे ताटाबाहेर सांडत होते. प्रत्येक पोराला वाढण्याआधी ती वाकून त्याचं रंगवलेलं तोंड नीट बघायची, मगच डाव पुढे करायची. रांग पार दारापर्यंत गेली.

"बाई, पटकन वाढा ना, भूक लागलीय!" मिशा रंगवलेलं एक मांजर ओरडलं.

मी तिला घाई केली नाही.