धरणारा हात

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त खोडून काढण्यासाठी वाचले. कुणाला वेशीबाहेर बाई दिसली की मी मनातल्या मनात निकाल द्यायचे – अंधार होता, पोट रिकामं होतं, संपला विषय. माझे वडील हमालांच्या संघटनेचं काम करायचे आणि पत्रकं छापून आणायचे. बाराखडीनंतर मी पहिल्यांदा सलग काही वाचलं असेल तर ते पत्रकच... ‘अंगात येत नाही, आणलं जातं’. वडील गेले, पत्रकांचे गठ्ठे अजून माळ्यावर आहेत. मी आजही त्यातल्या शब्दन् शब्दाच्या बाजूने उभी आहे. म्हणून पुढचं लिहिताना मला आनंद होत नाहीये, हे आधीच सांगते.

आम्ही तेरखेड्याचे. म्हणजे फटाक्यांचे. दिवाळीला तुम्ही जो आवाज काढता तो आमच्याकडच्या बायका वर्षभर मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. माझी आई, सुमन, सुतळी बॉम्ब बांधायची. शेजारी जैतूनखाला. दोघींची जोडी गावात ठरलेली. दारूची पुडी एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताने सुतळी ओढत तिच्यावर घट्ट गुंडाळायची, एवढंच काम. पण सैल बांधली तर फुसका निघतो आणि जास्त आवळली तर... ते बोलायचं नसतं.

शेडमध्ये शिरायची एक रीत आहे. दारात पाण्याने भिजवलेलं पोतं अंथरलेलं असतं. चपला बाहेर, बांगड्या बाहेर, मोबाईल बाहेर, आणि पोत्यावर हात टेकवून मगच आत. अंगातली वीज मातीला देऊन यायचं. नायलॉनच्या साडीतली एवढीशी ठिणगीसुद्धा पुरते. आई देवाला हात जोडायची विसरेल, पोतं नाही.

गेल्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, त्या शेडमध्ये स्फोट झाला. आत दोघीच होत्या. आई उंबऱ्याच्या बाहेर पडलेली सापडली. जैतूनखाला आत.

आई सोलापूरच्या दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा तिला फक्त सकाळचा चहा आठवत होता. त्यानंतर थेट दवाखान्याचं छत. मधला दिवस पुसला गेला होता. डोक्याची जखम भरली, भाजलेलं भरलं, उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबत राहिला. बोटं उघडत नव्हती, मिटत नव्हती. ताट पुढं केलं की ती डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवायची, एखादं झोपलेलं पोर बाजूला सरकवावं तसा.

आणि मालकाने चौकशीत जबाब दिला – जैतूनबी आमच्याकडे कामाला नव्हती. तिने काम कधीच सोडलं होतं. त्या दिवशी ती गप्पा मारायला आली, मोबाईल घेऊन आत शिरली, पोत्याला हातही लावला नाही, म्हणून ठिणगी पडली.

मेलेली बाई गुन्हेगार. हजेरी तोंडीच असायची, त्यामुळे कागद कुठलाच नाही. बाकीच्या बायकांना त्याच मालकाच्या दुसऱ्या शेडमध्ये बसायचं होतं, त्यांनी मान खाली घातली. राहिली एक साक्षीदार – माझी आई. आणि तिला काही आठवत नव्हतं.

मी तिला म्हटलं, “तू सांग ना. जैतूनखाला कामाला होती, शेजारी बसून बांधत होती. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“गावाला म्हाईत हाय तर गावानं सांगावं. मला आठवत न्हाय.”

“आई, तुझ्या एका शब्दावर जैतूनखालावरचा आळ जाईल.”

“तुझा बाप काय छापायचा? डोळ्यांनी बघितलं तेच बोला. तू तर घरोघरी वाटलंयस की ते.”

रागाने रात्रीचं जेवले नाही. जैतूनखालाची लेक नसीम माझ्याच वयाची, परंड्याला एका दुकानात कामाला आहे. तिने आईला एकदाही काही विचारलं नाही. त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

आईच्या हातासाठी भूमला फिजिओथेरपी सुरू केली. मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली खव्याचा वास, बाजाराच्या दिवशी जिन्यापर्यंत माणसं. अश्विनी मॅडम, तिथल्या फिजिओथेरपिस्ट, वयाने तिशीच्या आत असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी आईचा खांदा, दंड, पंजा बराच वेळ तपासला आणि म्हणाल्या, “स्फोटाने भाजतं, तुटतं. ही जखम वेगळी आहे. मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्यात. काकू, तुम्हाला कुणीतरी या हाताला धरून जिवाच्या आकांताने ओढलंय.”

शेडमध्ये दोघीच होत्या, हे आईलाही माहीत होतं.

मग मशीन. डब्यासारखं, वर लाल आकडे, दोन वायरी, वायरींच्या टोकाला ओले पॅड. नस जिवंत होईपर्यंत स्नायू वाळून जाऊ नये म्हणून त्याला बाहेरून करंट देऊन हलवायचं, असं मॅडमनी समजावलं. आईने वायरी बघितल्या आणि खाली वाकून डावा तळवा फरशीवर टेकवला.

“काय झालं काकू?”

“अंगातली वीज मातीला देऊन बसते, मॅडम. सवय हाय.”

“अहो, मी वीज द्यायलाच बसलेय.”

“तुमची तुमी द्या. माझी म्या सोडते.”

मॅडम हसल्या. त्यानंतर आई दर वेळी फरशीला हात लावून बसायची. आयुष्यभर जिला एका ठिणगीपासून दूर राहायला शिकवलं, तिला आता मुद्दाम करंट घ्यायला लागत होता – आणि तोही अशा माणसाच्या शेडपायी, जो एकदा बघायलाही आला नाही. हे मी जिन्यात कुणालातरी मोठ्याने बोलले होते. ऐकणारा केळी विकत होता, त्याने मान डोलावली.

पॅड कुठे लावायचे ते मला पाठ झालं होतं. कोपराच्या खाली, हाताच्या मागच्या बाजूला. करंट आला की मनगट झटक्याने वर उचललं जायचं आणि बोटं किंचित उघडायची. करंट थांबला की पंजा पुन्हा पडायचा. उचल, पड. उचल, पड. यात गूढ काही नाही. मेलेल्या बेडकाचा पायसुद्धा असाच हलतो, शाळेत शिकलोय.

त्या दिवशी नसीम सोबत आली होती. तिला सुट्टी होती, म्हणाली मावशीला भेटायचंय. दुपारी तीनचा सुमार. खिडकीतून लख्ख ऊन. आई खुर्चीत, मांडीवर उशी, उशीवर तिचा उजवा हात. उजवीकडे स्टुलावर नसीम, समोर मॅडम, मी भिंतीला टेकून. मशीन सुरू झालं. उचल, पड. उचल, पड.

मग हात पडला नाही.

बोटं मिटू लागली. हळूहळू, एकामागून एक, आधी करंगळी. मधे काहीतरी लिंबाएवढं आहे अशी पोकळी ठेवून ती थांबली. अंगठा वरून आडवा आला आणि दाबून बसला. मग मनगट फिरलं. थोडं फिरून थांबलं, पुन्हा थोडं फिरलं... कुणी सुतळी ओढतंय आणि हा हात पुडी फिरवून देतोय, तसं.

मॅडमनी आधी मशीनकडे पाहिलं, मग पॅडकडे. “काकू, तुम्ही करताय का हे?”

“मी कुठं...” आई हाताकडे बघत म्हणाली. “मला तर हात हाय का न्हाय तेबी कळंना.”

“हे पॅड बोटं उघडणाऱ्या स्नायूंवर आहेत. मिटवणारे तळव्याकडच्या बाजूला असतात. यांनी बोटं मिटू शकत नाहीत.”

नसीम अगदी शांतपणे म्हणाली, “हा मावशीचा हात न्हाय.”

मला वाटलं ती घाबरली. ती घाबरली नव्हती. म्हणाली, “मावशी डाव्या हातात पुडी धरती, उजव्यानं सुतळी ओढती. सगळ्याच बायका तसं करत्यात. अम्मी डावरी होती. तिचा उजवा हात धरणारा. अंगठा असाच आडवा.”

खरं होतं. आईचा उजवा हात जन्मभर ओढणारा होता. आत्ता तो धरत होता.

तेवढ्यात लाईट गेली. रोजच जाते त्या वेळेला. पंखा मंदावला, मशीनवरचे लाल आकडे विझले. मॅडमनी सवयीने बटण बंद केलं, वायरसुद्धा उपटली. म्हणजे आता त्या हातात कसलाही करंट नव्हता, हे आम्ही सगळे बघत होतो. हात फिरतच राहिला. शेवटी थांबला, अंगठ्याने काहीतरी आत खोचल्यासारखं केलं, उशीवरून बाजूला घसरला आणि नसीमच्या गुडघ्यावर मिटल्या बोटांनी दोनदा टेकला. टक, टक. मग सैल पडला.

नसीमने तोंडावर ओढणी धरली. मग म्हणाली, “माझी वेणी घालून झाली की अम्मी असंच करायची. गुडघ्यावर. ‘हो गया गे, ऊठ’ म्हणायची.”

आई म्हणाली, “बॉम्ब बांधून झाला की माझ्या गुडघ्यावर वाजवायची. मी चिडायचे. म्हणायचे, जैतून, फुटंल की एखांद्या दिवशी.”

लाईट आल्यावर मॅडमनी पुन्हा लावून पाहिलं. पॅड हलवले, करंट बदलला. उचल, पड. बाकी काही नाही. त्यानंतर आजपर्यंत नाही.

मी काय काय शोधलं नसेल. शेजारी बसून बघितलेलं हातात उतरतं का? मॅडम म्हणाल्या, उतरलं तरी ते मेंदूत असतं, स्नायूत नाही, आणि मेंदूकडून या हाताकडे येणारी वाट तेव्हा जवळजवळ बंद होती. नसीमनेच नकळत गुडघा लावला असेल का? मी स्वतः बघत होते. चौघींना एकदम भास? चौघींना एकदम एकच भास होतो असं मला कुणी दुसऱ्याने सांगितलं असतं, तर मी त्याला पत्रक दिलं असतं.

परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आता सांगते मी.”

“काय सांगशील?”

“जे बघितलं ते.”

मला वाटलं, सुटलो.

वाशीला, म्हणजे आमच्या तालुक्याला, चौकशीच्या दिवशी मालकाचा माणूस आधीच साहेबांसमोर खुर्चीत बसलेला. आम्ही बाकावर. मॅडमनी ओढलेल्या नसांबद्दल लिहून दिलं होतं, तो कागद मी पुढे केला. त्या दुपारचं मात्र त्यांनी लिहून दिलं नाही. म्हणाल्या, “ताई, मी ते लिहिलं तर उद्यापासून माझ्याकडे कुणी पेशंट पाठवणार नाही.” मी त्यांच्यावर चिडले नाही. चिडायला हवं होतं की नाही, माहीत नाही.

साहेबांनी विचारलं, “जैतूनबी त्या दिवशी काम करत होती का?”

आईने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला. “मला आठवत न्हाय, साहेब. ह्याला आठवतंय. भूमला वीज दिली तवा ह्यानं जैतूनची पुडी बांधली. माझ्यासारखी न्हाय, तिच्यासारखी. मी बघितलं, हिनं बघितलं, तिच्या लेकीनं बघितलं. आणि हा ओढलाय बी तिनंच. जिनं मला भाईर टाकलं ती पोत्याला हात न लावता आत येईल व्हय?”

मग मालकाचा माणूस अतिशय सहानुभूतीने म्हणाला, “बाईंना लई शॉक दिलेत, साहेब. डोक्यावर परिणाम व्हायचाच.”

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत, ते दयेने बघत होते. त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं – साक्षीदाराची मनःस्थिती जबाब देण्यासारखी नाही. आणि मनःस्थितीच ठीक नाही म्हटल्यावर ओढलेल्या नसांचा कागदसुद्धा फाईलच्या तळाशी गेला.

बसस्टँडवर मी आईला बोलू नये ते बोलले. “नुसतं ‘होती’ म्हणाली असतीस तर लिहून घेतलं असतं त्यांनी. एक शब्द.”

“व्हय. घेतलं असतं.”

“मग?”

“मग तिनं सांगितलेलं कुणी सांगायचं?”

नसीम तीन चहा घेऊन आली. आईचा कप तिने धरून पाजला. म्हणाली, “मावशी, मला कळलं ना. बास.” पण बास नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. जैतूनखाला आजही सरकारी भाषेत मोबाईल घेऊन शिरलेली बाहेरची बाई आहे. शेड नव्या नावाने सुरू झाली आहे. दारात पोतं आहे म्हणतात.

आईचा हात बऱ्यापैकी परत आला. पेला धरते, पदर खोचते. मी एकदा तिला सुतळी आणि लिंबू दिलं. तिने लिंबू डाव्या हातात धरलं आणि उजव्याने सुतळी ओढली. पहिल्यासारखी. मग दोन्ही खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ती काय बघत होती, मला विचारता आलं नाही.

मी पत्रक लिहिलं. ‘जैतूनबी कामावर होती. ठिणगी तिची नव्हती.’ तेरखेड्याच्या बाजारात मी आणि नसीमने वाटलं. एका म्हाताऱ्याने नीट वाचलं, उलटून मागची बाजू पाहिली, आणि चांगल्या मनाने विचारलं, “पोरी, पुरावा काय हाय?”

माझ्याकडे पुरावा आहे. पण तो छापला तर माळ्यावरचे सगळे गठ्ठे खोटे ठरतात आणि नाही छापला तर जैतूनखाला. कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या पत्रकाचा मजकूर छपाईच्या मशीनवर जायला तयार आहे. खाली ‘पुरावा’ हा शब्द लिहून मी त्यापुढची ओळ कोरी ठेवली आहे.