ओब्रादचं पन्नास

गाव्राच्या गॅरेजात गाडी कधीच उभी राहिली नाही. गावात ज्यानं त्यानं गॅरेज बांधून घेतलं होतं. कुणाच्या गॅरेजात छोटी लाल मोटार, कुणाच्या नुसतीच मोटारीची स्वप्नं. गाव्राच्या गॅरेजात मात्र सहा वर्षं विमान होतं. आधी कण्यासारखी एक लांब फळी, मग बरगड्या, मग शेपूट. रस्त्यानं जाणारा येणारा दारात थबकून विचारायचाच.

"काय गाव्रामिस्त्री, पाखरानं अंडी घातली का न्हाई अजून?"

"घातली की. तुझ्या टकलावर टाकायला ठेवलीत," गाव्रा रंधा न थांबवता म्हणायचा.

गाव्रा हाडाचा चाकमिस्त्री. आजा चाकं करायचा, बाप चाकं करायचा, आणि चौदाव्या वर्षापासून तोही. आख्ख्या बनात प्रांतातल्या चिखलातून त्यांच्या चाकांवर गाड्या चालल्या. मग रबरी टायर आले आणि दोन वर्षांत सगळं आटोपलं. सहकारी संस्थेनं उरलेली चाकं सरपणाला फोडायला लावली, आणि फोडायला बोलावलं तेही गाव्रालाच. तो गेला नाही. "ज्याला फोडायचीत त्यानं फोडावी. माझ्या हातानं न्हाई," एवढंच म्हणाला आणि वर्षभर कुंपणाचे खांब तासत बसला.

मग एका उन्हाळ्यात बिटाच्या शेतात एक बिनइंजिनाचं विमान उतरलं. वारा पडला म्हणून पोरगेल्या वैमानिकानं ते कसंबसं टेकवलं होतं, आणि पंखाचं टोक बांधाला घासून फाटलं होतं. गाव्रा बघायला गेला. फाटक्या कापडातून त्यानं आत डोकावलं आणि बघतच राहिला. आत नुसतं लाकूड. पातळ पट्ट्या, सरस, बरगडीला बरगडी. "आरं, हे तर आपलंच काम!" तो मोठ्यानं म्हणाला. संध्याकाळपर्यंत त्यानं ते टोक दुरुस्त करून दिलं. त्या वैमानिकाच्या क्लबवाल्यांना ते एवढं आवडलं की पुढं दर रविवारी तो त्यांची लाकडं जोडू लागला आणि ते त्याला उडायला शिकवू लागले.

त्यानंतर त्यानं गॅरेज अडवलं ते स्वतःच्या विमानासाठी. इंजिन भंगारातल्या जर्मन मोटारीचं. पंखाचं कापड शिवलं बायकोनं, देसानं. दर दोन बोटांवर एक गाठ. ती म्हणायची, "लग्नाचा पोशाखबी मी एवढ्या गाठी मारून शिवला न्हवता. न्हाईतर तो उसवला नसता पहिल्याच नाचात."

आता राहिला होता फक्त एक कागद. राजधानीतून इंजिनिअर येणार, उडताना हवा पंख खालून वर रेटते म्हणून विमान पालथं घालून पंखांवर बाराशे किलो वजन ठेवणार, तीन मिनिटं थांबणार. पंख टिकला तर उडायची परवानगी. मोडला, तर संपलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरे पंख करायला आणखी सहा वर्षं कुठून आणायची?

बाराशे किलो आणायचे कुठून, हा प्रश्न मात्र ओब्रादनं सोडवला. भर गुत्त्यात, सगळ्यांसमोर.

ओब्राद संस्थेच्या गोदामाचा प्रमुख. गाव्राचा शाळेतला एकाच बाकावरचा सोबती. "चोवीस पोती देतो तुला, पन्नास-पन्नासची," तो पेला वर करून म्हणाला. "तुझं पाखरू मोडायला आपल्याकडनं फुकट!" गुत्ता खो-खो हसला. गाव्रा म्हणाला, "दे. आणि तू सोता बघायला ये."

आता ह्या पोत्यांचं सांगायला हवं. गोदामातून घरोघर जनावरांच्या भरड्याची पोती जायची. पोत्यावर ठसठशीत छापलेलं असायचं : ५०. कुणी कधी तोललं नाही, पण खांद्याला सगळं कळत होतं. बोलायचं कुणी? पुढच्या खेपेला भरडा ओब्रादकडूनच घ्यायचा होता. मग गावानं त्याचा विनोद करून टाकला. आठाची बस साडेआठला आली की म्हणायचे, "ओब्रादचे आठ वाजले." नवरा म्हणाला, 'पाच मिनिटांत येतो', की बायको विचारायची, "कुणाची पाच? ओब्रादची?" खुद्द ओब्रादही त्यावर हसायचा. गाव्राही वीस वर्षं हसला होता.

मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी अंगणात, तुतीच्या झाडाखाली, विमान सुताराच्या लाकडी घोड्यांवर पालथं पडलं होतं. इंजिनिअर म्हणून एक बाई आली, नेवेन्का नावाची. हातात खडू, पायात जाड बूट. देसानं पुढं केलेला राकियाचा, घरी गाळलेल्या फळांच्या दारूचा, पेला तिनं सहीनंतर म्हणून बाजूला ठेवला आणि पंखांवर खडूनं चौकोन आखले. कुठल्या चौकोनात किती पोती ते लिहिलं. पंखाच्या टोकाशी एक काठी रोवली आणि टोक जिथं होतं तिथं पेन्सिलनं रेघ मारली. कुंपणाला लागून अर्धं गाव उभं. ओब्राद ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पोत्यांवर राजासारखा बसलेला.

गाव्रानं पहिलं पोतं स्वतः खांद्यावर घेतलं. चार पावलं गेला. आणि थांबला.

हलकं होतं. नेहमीसारखंच हलकं. वीस वर्षं ह्याच खांद्यानं ते पाठीशी घातलं होतं. आत्ताही घातलं तर कुणाला कळणार होतं? उलट बरंच. पंखावर भार कमी पडेल, कागद मिळेल, ओब्रादही खूश. फक्त आठ दिवसांनी सूर्यफुलांवर हजार फूट उंच असताना पंखाला जे वजन लागेल, ते छापलेलं नसेल.

त्यानं पोतं जमिनीवर टेकवलं. "हे तोलायचं," तो म्हणाला.

"काय?" ओब्राद ट्रॉलीतून खाली उतरला. "वर छापलंय न्हवं? वाचता येतं का न्हाई तुला?"

"मला येतं. पण माझा खांदा अडाणी हाय. त्यो छापलेलं मानत न्हाई."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंडावर हात ठेवला. ओब्राद जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "गाव्रा, लेका, यडा झालास का? हलकं हाय तर तुझ्याच फायद्याचं हाय की! गप ठेव आणि मोकळा हो."

"सगळ्यांना चालतं रं तुझं पन्नास," गाव्रा मोठ्यानंच म्हणाला, "पण आभाळाला चालत न्हाई. तिथनं पडलो तर खरं वजन कळंल, आणि ते माझं असंल."

ओब्रादचा चेहरा लाल झाला. "एक पोतं जरी काट्यावर चढलं, तर ह्या घराला गोदामातनं भुसाबी मिळायचा न्हाई!"

"न्हाई तर न्हाई," देसा ओट्यावरून म्हणाली. "आम्ही काय भुसा खातो व्हय? डुकरं इकून टाकीन."

कुंपणापाशी कुणी हललं नाही. मग शेजारची सीदाआज्जी खाकरली. "माझा डुकरं तोलायचा काटा रिकामाच हाय. न्या दोघं जण. आणि उंबऱ्याला आपटू नका, मेल्यांनो."

काटा आला. नेवेन्काबाईनं त्याकडं संशयानं पाहिलं. "हा बरोबर आहे कशावरून?" म्हणाली, आणि स्वतःच बुटांसकट चढून उभी राहिली. "परवाच दवाखान्यात झालंय माझं. ह्याच बुटांसकट. त्रेसष्ट." वजनं सरकली. त्रेसष्ट. गर्दीतून एक जण म्हणाला, "बाईमाणूस वजन खरं सांगतंय, काटा खोटा कसा बोलंल?"

पोती चढू लागली. गाव्रा प्रत्येकाचं वजन जाड लाल पेन्सिलनं पोत्यावरच लिहीत होता, छापलेल्या पन्नासाच्या शेजारी. सेहेचाळीस. साडेपंचेचाळीस. सत्तेचाळीस. सेहेचाळीस. शेवटचं उतरलं तेव्हा बाईनं बेरीज केली. "सत्त्याण्णव किलो कमी. मला चारची गाडी गाठायची आहे, आणि पूर्ण भाराशिवाय मी सही करणार नाही. पुढची पाळी शरदात."

ओब्रादनं खिशातली किल्ली वाजवली. "गोदामाला कुलूप हाय. काढ आता भरून कुठनं काढायचं ते."

शरदापर्यंत वाट बघायची. आणि तेव्हाही पोती कुणाची? गाव्रा अंगणात इकडं तिकडं बघत राहिला. वाळू भरायची तर रिकामी पोती नाहीत, विटा आणायच्या तर गाडी नाही.

देसा तळघरात गेली. वर आली ती पोटाशी एक गुळगुळीत धोंडा धरून. हिवाळी कोबी आंबत घालताना पिंपावर ठेवायचा धोंडा, खारपाण्याच्या वासासकट. मे महिन्यात पिंप रिकामं, धोंडाही रिकामा. तिनं तो काट्यावर ठेवला. नऊ किलो.

"आज्जी," ती सीदाकडं वळून म्हणाली, "तुमचाबी असंल की रिकामा."

"माझा सासूचा हाय," सीदाआज्जी म्हणाली. "तिच्याइतकाच जड. नेते का कुणी?"

मग एकेक जण हलला. पोस्टमन सायकलच्या कॅरियरवर घेऊन आला. लोहाराच्या बायकोनं एका हातात एक आणि दुसऱ्या हातात एक आणला. "मागल्या वर्षी गोदामानं मला गाईचा भरडा दिला तेव्हा गाय इतकी वाळली, की माझ्याकडं बघून रडायची," ती ओब्रादला ऐकू जाईल असं म्हणाली. तेरा धोंडे झाले. तेराव्याला काटा बरोबर बसला.

पोती चढली, वर धोंडे चढले. पंख वाकत गेला, टोक वीतभर खाली आलं. आणि मध्येच कुठंतरी 'टक्' असा आवाज झाला.

ओब्रादनं मान पुढं काढली. गाव्रा डोळे मिटून उभा होता. चाकाचा आरा बसतानाही लाकूड बोलतं आणि फुटतानाही बोलतं. चव्वेचाळीस वर्षं त्यानं दोन्ही आवाज ऐकले होते. "बसतंय," तो म्हणाला. "फुटत न्हाई."

नेवेन्काबाईच्या हातातलं घड्याळ चाललं होतं. तीन मिनिटं एवढी लांब कुणाच्याच आठवणीत नव्हती. 'ओब्रादची तीन' म्हणायचंही सगळे विसरले.

भार उतरला. टोक हळूहळू वर सरकलं आणि पेन्सिलच्या रेघेवर येऊन थांबलं. बाईनं वाकून पाहिलं, नख लावून पाहिलं. मग कागद काढला. "भार : पोती चोवीस, आणि... ह्याला काय लिहू?"

"कोबीचे धोंडे लिहा," गाव्रा म्हणाला. "तेरा."

तिनं तसंच लिहिलं, सही केली आणि मग राकियाचा पेला एका घोटात रिकामा केला.

ओब्राद पोती ट्रॉलीत भरून घेत होता. "लाल आकडे आतल्या बाजूला करा रं," तो दातांतून म्हणाला. भरणारी माणसं जणू ठार बहिरी. गाव्रानं शेवटचं पोतं स्वतः उचललं आणि सगळ्यात वर, बरोबर पुढं तोंड करून ठेवलं.

गोदाम गावाच्या दुसऱ्या टोकाला. मधला रस्ता एकच, सरळ आणि लांब, दोन्ही बाजूंना फाटकं. ट्रॅक्टर निघाला आणि फाटकाफाटकातून मोठ्यानं वाचायला सुरुवात झाली.

"सेहेचाळीस!"

"साडेपंचेचाळीस!"

"आरं, तिकडचं बघ, सत्तेचाळीस! त्या दिवशी खुशीत असणार गडी!"

गाव्रानं सीदाआज्जीचा धोंडा उचलून तिच्या फाटकाशी नेऊन ठेवला आणि पालथं विमान सरळ करायला अंगणात परतला. सरळ करायला आठ माणसं लागत होती. पंधरा उभी होती.