बातमी मॅडमच्या पाठीची

“मॅडम, हा टीबी आहे. मणक्याचा.”

सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली आणि पाठीच्या मधोमध पेनाचं टोक ठेवलं. दोन मणके कुरतडल्यासारखे दिसत होते, बाजूला पू साचला होता. मी म्हटलं, “डॉक्टर, मला तर साधा खोकलासुद्धा नाही.”

“टीबी फक्त फुप्फुसात राहत नाही, हाडातही जातो. आणखी उशीर केला असता तर तुमचे पाय गेले असते.”

हे ऐकून आमच्या ह्यांनी भिंत धरली. आणि मी बाई काय विचारावं? “मग माझ्या वर्गाचं कसं?”

याला स्पायनल टीबी म्हणतात, म्हणजे मणक्याचा क्षयरोग. पाठ कितीतरी महिने दुखत होती, रात्री जास्तच. संध्याकाळी अंगात कणकण असायची. वजन उतरत होतं आणि लोक म्हणायचे, “मॅडम, काय मस्त बारीक झाल्या!” मी आपली खूश. पहिली-दुसरीची लेकरं खाली चटईवर बसतात, त्यांच्या पाटीशी दिवसभर वाकायचं, तर पाठ दुखणारच, असं धरून मी बाम चोळत राहिले. वाचणाऱ्या बायांनो, तुम्ही हा शहाणपणा करू नका. दुखणं अंगावर काढू नका.

मग बायोप्सी झाली. सुईने मणक्याजवळचा बारीक तुकडा काढून तपासतात. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस फार वाईट. नंतर गोळ्या सुरू झाल्या. लघवी केशरी झाली तेव्हा मी घाबरून नर्सला हाक मारली, तर ती हसली, “औषधाचा रंग आहे ताई, घाबरू नका.” काही महिने निजून राहायचं, उठायचं तर ब्रेस बांधून. ब्रेस म्हणजे पाठीला आवळायचा कडक पट्टा. खाटेवर पडून मला बसलेल्या प्रत्येक माणसाचा हेवा वाटायचा. वॉर्डात कुणी टेकून चहा प्यालं तरी मी मान वळवून घ्यायची.

माझी शाळा हिंगणीकडच्या एका गावात. जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. एक हेडसर, एक मी. आजूबाजूच्या दहाबारा शाळा मिळून आमचं केंद्र होतं, त्याचे केंद्रप्रमुख सर मला भेटायला वॉर्डात आले. म्हणाले, “मॅडम, तुम्ही पाठ सांभाळा, शाळा आम्ही सांभाळतो.”

आणि सांभाळली त्यांनी, खोटं का बोलू? गावात कुजबुज सुरू झाली होती की मॅडमचा टीबी लेकरांना लागेल. सरांनी आरोग्यसेविकेला घेऊन पालकांची सभा घेतली. मॅडमची छाती साफ आहे, हाडाचा टीबी असा वर्गात बसून लागत नाही, हे नीट समजावलं. केंद्रातल्या शिक्षिकांनी माझ्या डब्याच्या पाळ्या लावल्या. आणि माझ्या वर्गावर शेजारच्या गावच्या शाळेतून वंदनाला पाठवलं.

इथून माझं खरं दुखणं सुरू झालं.

वंदना तरुण, स्कूटीवर येणारी, गळा गोड. केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज तिचे फोटो. लेकरं गोल करून नाचतायत, वंदना मधोमध. अक्षरांची कार्डं लटकवलेली माझी दोरी तिने खिडकीकडून काढून फळ्याजवळ लावली होती. माझी दोरी! मला विचारलंही नाही. मी ह्यांना फोटो मोठा करून दाखवला. हे म्हणाले, “तुले टीबी झाला का हेवा झाला? आधी बरी होय, मंग जळजो.”

पण चंदाचं कळलं आणि मी पार खाक झाले.

चंदा दुसरीतली. आदल्या वर्षी आजीकडे राहायला आली, आणि आल्यापासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती. घरी गोंडी बोलतात, म्हणजे भाषेची अडचण असणार, असा मी निष्कर्ष काढला. तिच्या आजीकडून गोंडी शब्द शिकले, चित्रांची कार्डं केली, तिच्याशेजारी चटईवर बसून जेवले. वर्षभर. पोरगी नुसती बघायची.

एका संध्याकाळी वंदनाचा फोन, “ताई, चंदा बोलली!”

मी विचारलं, “काय बोलली?”

“असंच... काहीतरी. सांगीन नंतर.”

बघा आता. मी वर्षभर मातीत हात घालावे आणि पीक हिने काढावं, वर मला सांगूही नये. त्या रात्री मी उशीत तोंड घालून रडले. नर्सला वाटलं पाठ दुखते.

त्यानंतर वंदना रोज संध्याकाळी फोन करू लागली. आज काय जेवलात, ताप आला का, डॉक्टर काय म्हणाले. मला वाटायचं, कधी परत येते याचा अंदाज घेऊन राह्यली. मी तुटक उत्तरं द्यायची.

“आज काय भाजी होती, ताई?”

“लवकी.” म्हणजे दुधी.

“आवडली का?”

“लवकी कुणाला आवडते का?” आणि मी फोन ठेवला.

ज्या दिवशी फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी, म्हणजे व्यायाम करून घेणाऱ्या, मला ब्रेस बांधून पहिल्यांदा उठवलं, त्या दिवशीही तिचा फोन आलाच. मी म्हटलं, “बसले उठून. झालं समाधान?” ती म्हणाली, “खूप झालं, ताई.” तिचा आवाज भरून आला होता. मला वाटलं, नाटकं.

दिवाळीच्या सुट्या संपल्यावर डॉक्टरांनी फिल्म पाहून मान डोलावली. “पू आटला. शाळेत जा, पण वाकायचं नाही आणि गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत.”

मी ब्रेस बांधून, त्यावर नवी साडी नेसून गेले. मनात एकच, चंदा कुणाजवळ जाते ते बघायचं. व्हरांड्यात परिपाठ चालू होता. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला. मग येतात बातम्या. त्या नेहमी चौथीचा कुणीतरी पेपरातून वाचतो. वंदना म्हणाली, “बातम्या. चंदा, ये.”

चंदा पुढे आली. फ्रॉकला हात पुसले. खणखणीत आवाजात म्हणाली, “आजची बातमी. आपल्या मॅडमची पाठ...” आणि तिला मी दिसले. ती थांबली.

“मॅडम तं इथंच हाय,” ती म्हणाली. “बातमी सरली.”

सगळी शाळा हसली. मग लेकरांचं एकदम सुरू झालं. “मॅडम, तुमाले लवकी आवडत नाई नं?” “मॅडम, तुमी काल रागात होत्या!” “मॅडम, तुमी उठून बसल्या तं आमी टाळ्या वाजवल्या!”

मी वंदनाकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत होती. “ताई, तुम्हाले सांगितलं नव्हतं. चंदा पहिल्यांदा बोलली ते एवढंच, ‘मॅडम मेली का?’ दवाखान्यात पडलेल्या माणसाले मी हे कसं सांगू? तिची आई अशीच दवाखान्यात गेलती. परत नाई आली. पोरीले कोणी काही सांगितलंच नाई. मंग मी म्हटलं, आपण रोज खबर काढू आणि तू सगळ्यांले सांगजो.”

म्हणजे भाषेची अडचण नव्हतीच. पोरगी तिच्या आईची बातमी यायची वाट पाहत होती, आणि मी तिला कार्डं दाखवत होते. मला वाकायची मनाई होती, म्हणून मी चंदालाच खुर्चीवर उभं केलं आणि पोटाशी धरलं. खूप रडले. वंदनाची माफी मागितली तर म्हणते कशी, “ताई, तुमच्या रागाच्याच बातम्या लेकरांले जास्त आवडत.”

आता खरं सांगते. वंदना तिच्या शाळेत परत जायला निघाली तेव्हा लेकरं स्कूटीला लोंबकळून रडली आणि मी पुन्हा जळले. एवढं झाल्यावरही! स्वभावाला औषध नाही, तिथे डॉक्टर तरी काय करणार?

चंदा मात्र रडली नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाली, “मॅडम, आता वंदना मॅडमची बातमी कोन आनन?”

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन मी करते. “वंदना, आज काय जेवलीस?”

“कारलं, ताई.”

“आवडलं का?”

“कारलं कोणाले आवडते का?”

गोळ्या अजून चालू आहेत. तुमच्यापैकी कुणी खाटेवर पडलं असेल तर गोळ्या पूर्ण करा, आणि कुणी रोज फोन करून भाजी विचारत असेल तर सरळ उत्तर द्या. ती भाजी कुठेतरी एखादं लेकरू ऐकत असतं. माझ्या केंद्रातल्या सगळ्यांचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही. वंदनाचे तर नाहीच.

रोज सकाळी चंदा बातम्या देते. आधी वंदनाची, मग माझी. आधी तिची! अजूनही जळते मी. पण परिपाठात उभी राहून, माझ्या दोन पायांवर.