सोबतीसाठी पुन्हा सातवी

पास झालेल्या माझ्या पोरीला मी सातवीत नापास करून घेतलं. गुरुजींच्या मनात तसं काही नव्हतं. मीच त्यांच्या ओटीवर जाऊन, विनवण्या करून, वर पिशवीभर कैऱ्या देऊन ते करून घेतलं. जगातल्या आया पोरं पास व्हावीत म्हणून देवाला नवस बोलतात. आमच्या गावात हा एक उलटा नमुना निघाला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिशीत होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. आमचं गाव मुरबाड तालुक्याच्या कडेला, शहापूरच्या हद्दीला लागून. शाळा सातवीपर्यंत. आठवीला पलीकडच्या मोठ्या गावातल्या हायस्कुलात जायचं, आणि मध्ये ओढा, सागाचं रान, मग उघडा माळ. त्या वर्षी सातवीत मुलगी एकच, माझी. बाकीचे सगळे मुलगे, ते सायकली घेऊन सुटणार. शेजारणीची मुलगी सहावीत होती. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात आलं की आपली एक वर्ष थांबली तर दोघी जोडीनं जातील. सोबत होईल.

“रानातून एकटी पोर कशी धाडशील?” हे मला अख्ख्या गावानं विचारलं होतं. पारावर विडी ओढत बसलेल्यांनी विचारलं, विहिरीवर बायांनी विचारलं, दिवसभर ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे त्यांनीही विचारलं. पण आठवीचा वर्ग आपल्या गावात का नाही, त्या रस्त्याला एक एसटी का नाही, हे त्यातल्या एकानंही कधी कुणाला विचारलं नाही. तिथं सगळ्यांची दातखीळ बसलेली. माझीही. आज इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की हातातली भांडी आपटली जातात.

गुरुजी आधी हसले. “वहिनी, लोक पास करा म्हणून येतात.”

“मी नापास करा म्हणून आले.”

“अहो, पोरगी वर्गात पहिली आहे.”

“मंग पुढच्या सालीपन पहिलीच येल. कुटं जाते ती?”

त्यांनी थोडा विचार केला, आणि मग म्हणाले की एक डोकं राहिलं तर सातवीचा पटही बरा दिसेल. झालं. पोरीचं एक वर्ष असं गेलं, माझ्या अकलेत आणि त्यांच्या पटात. गुरुजी स्वभावानं चांगले होते असं गाव अजून म्हणतं. मी म्हणत नाही. मी अडाणी होते, ते नव्हते. मला त्यांनी कैऱ्यांसकट हाकलून द्यायला हवं होतं.

एक मेला झेंडावंदन झालं आणि निकाल वाचायला सुरुवात झाली. पोर दोन वेण्या घालून, लाल रिबिनी बांधून पुढे उभी. एकेक नाव झालं, मुलगे एकमेकांना ढकलत बाजूला गेले, गुरुजींनी कागद मिटला. ती तिथंच उभी. तिला वाटलं, चुकून राहिलं असेल.

“गुरुजी, माझा नाव ऱ्हायला.”

गुरुजींनी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आणि ही शहाणी बाई कुठं बघत होती? स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे.

संध्याकाळी तिचा बाप म्हणाला, “नापास झाली ना? मंग बस झाली शाळा. शेतात हात होईल.”

हे माझ्या हिशेबात नव्हतंच. आता खरं सांगावं तर घर डोक्यावर घेईल, न सांगावं तर पोरगी कायमची घरी. मग मी भांडले. “एक डाव नापास झाली म्हणून काय शाळा सोडायची? बापे माणसं नाय होत का नापास?” असं कंबरेवर हात ठेवून, शेजारपाजार ऐकेल इतक्या मोठ्यानं. मीच लावलेली आग, आणि मीच कळशी घेऊन धावतेय. पोर दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला वाटलं असेल, आई आपल्या बाजूची आहे.

ती पुन्हा सातवीत बसली. तीच पुस्तकं, तेच धडे. ते तिला पाठ होते, म्हणून गुरुजी तिला लहान पोरांचे पाढे घ्यायला लावत आणि स्वतः खुर्चीत पाय पसरून बसत. दिवाळीच्या सुमारास एकदा खुशीत येऊन त्यांनी तिला सांगून टाकलं, की ही सगळी तुझ्या आईची करामत. घरी आल्यावर ती रडली नाही, भांडली नाही. गोठा झाडला, पाणी भरलं, आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. “भात झालाय.” “बकरी सुटली.” बस. एखादी पोर तोंडावर बोलली तर थोबाडीत देता येते. हिला काय देणार?

पुढच्या एक मेला दोघी पास झाल्या. आणि आठवड्यानं शेजारणीची मुलगी कल्याणला मामाकडे गेली, मामीचं तान्हं पोर सांभाळायला. मी तडक शेजारणीच्या दारात.

“शाळेचं काय तिच्या?”

“मामीला कोन नाय गो करायला. ऱ्हाईल तिकडंच.”

“आन् माझी कोनासोबत जाईल? मी एक साल थांबवली तिला, तुझ्या पोरीसाठी.”

शेजारणीनं सूप खाली ठेवलं. “मी कवा बोललेले, आठवीला धाडीन म्हणून? तू ईचारलंस तरी का मना?”

नव्हतं विचारलं. तिला नाही, तिच्या पोरीला नाही, माझ्या पोरीला तर नाहीच. वर शेजारणीलाच चार शिव्या देऊन मी घरी आले.

घरी पोरीचा बाप पुन्हा म्हणाला, सोबत नाय तर राहू दे. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी चूल लवकर उरकली, पदर खोचला आणि पोरीला म्हटलं, चल. ती पुढे, मी मागे. ओढा गुडघ्याएवढा. रानात मोळीवाल्या दोन बाया भेटल्या, त्या रोज त्याच वाटेनं बाजाराला जात. “आज इकडं कुटं?” म्हणून हसल्या. म्हशाच्या जत्रेला कडेवर मूल घेऊन पायी जाणारी मी, या वाटेला कधी पाऊल टाकलं नव्हतं. गावानं सांगितलं रान वाईट, मी मानलं. माळ लागला आणि हायस्कुलाची कौलं दिसली. पदराला पुसलेला घाम अजून सुकायचा होता, तोवर आलोसुद्धा.

फाटकाशी ती थांबली. पिशवी खांद्यावर नीट केली. आत घंटा वाजत होती, तरी तिला घाई नव्हती. माझ्याकडे सरळ बघून ती म्हणाली,

“गेल्या सालीपन रस्ता येवढाच होता, आये. आन् तुझे पायपन हेच होते.”