लुगड्याविना मावशी

पालीचा सदू पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, पण त्याला सदू म्हणून ओळखतो कोण? गावच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या खेळ्यांत, तो लुगडं नेसून मावशी होतो. गवळणींच्या पुढे कंबर हलवत तो आला, की बायाबापड्या हसून हसून डोळे पुसतात. एरवी मात्र माणूस मुखदुर्बळ. गिऱ्हाइकाशी बोलायचं तर आधी हातातल्या पान्ह्याकडे बघतो, मग गिऱ्हाइकाकडे.

अशा माणसाला त्याच्या भाचीने, ऋतिकाने, रत्नागिरीच्या हॉलमध्ये उभं करायचं ठरवलं. तिच्या कॉलेजच्या मंडळींनी संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला होता, थोडी गाणी, थोडी स्टँड-अप कॉमेडी. मुंबईचे कलाकार येणार आणि त्यांच्या मध्ये आपला मामा. अट एकच, लुगडं नको. शर्ट-पँटमध्ये, स्वतःचं बोलायचं. सदूने भाचीपुढे मान हलवली आणि त्या दिवसापासून त्याची अन्नावरची वासनाच गेली. त्याची बायको जनी मला म्हणाली, लोक हसतात ते मावशीला, ह्यांना कोण हसणार? शेजारधर्म म्हणून मी धीर द्यायला हवा होता, पण मलाही तेच वाटत होतं.

आम्ही पालीहून गाडी करून गेलो. गिटारवाल्या पोरांनी गाणी झकास म्हटली. मुंबईच्या एकाने हॉल हसवला. मग सदू आला. कडक इस्त्रीच्या शर्टात तो चुकून नवऱ्यामुलाच्या खुर्चीत बसलेल्या पाहुण्यासारखा दिसत होता. माईक घट्ट धरून म्हणाला, "परवा एकाचा फोन आला. सदू, मोटार चालते, पण पाणी नाय."

आणि थांबला.

थांबला तो थांबलाच. लोकांना वाटलं, विसरला. घोटाळा काय तो माझ्या मात्र ध्यानात आला. नमनात मावशी एक वाक्य टाकते, मग कृष्णाचा सवंगडी पेंद्या विचारतो, "मग गो मावशे?" आणि तेव्हाच मावशी पुढे बोलते. सदूची जन्माची सवय ती. तो पेंद्याची वाट बघत होता. इथलं पब्लिक तिकीट काढून आलेलं, शिकलंसवरलेलं. मध्ये बोलणं वाईट दिसतं म्हणून सगळे गप्प. ऋतिका विंगेत नखं खात उभी होती.

तेवढ्यात माझ्या शेजारची जनी उठून उभी राहिली. जी बाई ग्रामसभेत कधी तोंड उघडत नाही, ती भर हॉलमध्ये म्हणाली, "मग काय केलात?"

सदूचा चेहरा एकदम खुलला. "गेलो. मोटार ठणठणीत. विहीर सुकलेली."

"मग?"

"मग तो विचारतो, विहिरीला वॉरंटी असते काय?"

हॉल असा हसला की माईकवाला दचकला. पुढच्या वाक्याला मागची पोरंच ओरडली, "मग?" त्याच्या पुढच्याला सगळा हॉल. मग सदूला आवरतो कोण? सासुरवाडीवर आला, स्वतःच्या टकलावर आला, माझ्या घोरण्यावरही आला. मेल्याने मला सोडलं नाही आणि मी पोट धरून हसत होतो.

बाहेर लोक त्याचे हात हातात घेत होते. तो मात्र गर्दीत जनीला शोधत होता. सापडल्यावर त्याने एवढंच विचारलं, बरं झालं ना?

जनीचे डोळे अजून ओले होते. "इतकी वर्सं मी त्या मावशीलाच हसत होते," ती म्हणाली. "आज पयल्यांदा तुमाला हसले."